घमेलंभर गोटे

कॉलेजच्या मैदानावर पहिल्याच दिवशी मी फुटबॉलला पाय लावला आणि मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. वळून पाहिलं तर गुडघ्यापर्यंत दुमडलेली खाकी पँट, डोक्याला मळकं मुंडासं आणि हातात गंजलेलं घमेलं. "आदी घमेलंभर गोटे येच, मंग लाथा घाल," असं म्हणून त्या माणसाने घमेलं माझ्या छातीवर दाबलं. मी घाटनांदूरहून शिकायला आलेला, शाळेच्या संघाचा कॅप्टन. एका शिपायाने असं बोलावं याचा मला भयंकर राग आला. पण आजूबाजूला सगळी पोरं खाली वाकून गोटेच वेचत होती, म्हणून मीही वाकलो.

हे भानामामा. अंबाजोगाईतल्या आमच्या कॉलेजचे रोजंदारीवरचे शिपाई. घंटा वाजवणं, पाणी भरणं आणि मैदान राखणं एवढं त्यांचं काम. मैदान म्हणजे निव्वळ माळ होता. दर पावसाळ्यात जमीन नवे गोटे वर काढायची आणि मामा ते वेचायचे. आधी एकटे वेचायचे, मग त्यांनी खेळायला येणाऱ्या प्रत्येक पोराला नियमच घालून दिला. "ज्यानं गोटे येचले, त्यो मैदानावर थुकत न्हाई," असं ते म्हणायचे. खरंच, आमच्यातलं कुणी तिथे कधी थुंकलं नाही.

आमचे क्रीडा संचालक सर मैदानावर फक्त फोटोपुरते यायचे. शिकवायचे ते मामा, आणि मामा आयुष्यात कधी फुटबॉल खेळले नव्हते. त्यांचं सगळं घराणं मेंढरामागे फिरलेलं. त्यांचा आरडाओरडा पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. "चेंडूकडं कावून बघायलास बे? चेंडू काय करतोय तुला? मेंढराकडं बघणाऱ्याचं मेंढरू लांडगा न्हेतो. झुडपाकडं बघ!" झुडूप म्हणजे मोकळा उभा असलेला समोरचा गडी. हे एकदा डोक्यात शिरलं आणि आमच्यावर गोल होणं जवळपास थांबलं.

शेवटच्या वर्षाला मी संघाचा कॅप्टन झालो, त्या वर्षी आम्ही विद्यापीठाच्या स्पर्धेत एकामागून एक सामने जिंकत गेलो. कबड्डीच्या मुलखातला फुटबॉल म्हणून हसणारे गप्प झाले. पण स्पर्धा लांबली, दिवाळी झाली आणि आमचा गोलकीपर रावसाहेब उसाला गेला. तो आष्टीकडचा. बापाचं कंबरडं गेलेलं, म्हणून आईबरोबर तोच तोडीला जायचा. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी. एक माणूस निघून गेला की जोडी मोडते आणि मुकादम टोळीत उभा राहू देत नाही. अंतिम सामना चार दिवसांवर आला होता. सर म्हणाले, दुसरा कुणीतरी उभा करा.

मामांनी रोजाचा खाडा केला. मला बरोबर घेऊन ते एसटीने थेट उसाच्या फडावर गेले. मुकादम म्हणाला, "पोरगं न्या खुशाल. त्याचा कोयता कोण धरणार?" मामांनी मुंडासं आवळलं. "मी हाय की." मुकादम हसला. मामांनी जन्मात ऊस तोडला नव्हता. रावसाहेब जायला तयार होईना, तेव्हा मामा त्याच्यावर खेकसले, "निघ बे! हितं काय माझं तोंड बघतूस? एकबी गोल खाल्लास तर परत येऊ नगंस." त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मामा तिला म्हणाले, "ताई, मोळी कशी बांदायची तेवढं दाखवा."

आम्ही जिंकलो. रावसाहेबाने शेवटच्या मिनिटाला उजवीकडे झेप घेऊन चेंडू बाहेर काढला. तो चेंडूकडे नाही, कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या गड्याकडे बघत होता. मी धावत जाऊन मुकादमाच्या नंबरवर फोन लावला.

"मामा, जिंकलो!"

"गोल किती खाल्ले?"

"एकबी न्हाई."

"मंग ठीक हाय. ठिव आता, गाडी भरायची हाय."

ज्या माणसाने संघ घडवला त्याने अंतिम सामना पाहिला नाही. एवढं होऊनही मला तेव्हा राग आला नाही. राग येण्याइतकी अक्कलच नव्हती.

चार दिवसांनी संस्थेच्या अध्यक्षांनी आमचा सत्कार ठेवला, तोही मैदानावरच. अवकाळी पावसाने झालेल्या चिखलात पाहुण्यांच्या गाड्या रुतू नयेत म्हणून आदल्या दिवशी टिपरने खडी आणून ओतली आणि वरून रोलर फिरवला. मंडपाच्या खांबांसाठी गोलसमोरच खड्डे घेतले. पोरांनी वर्षानुवर्षं गोटे वेचून केलेलं मैदान, मैदानावर जिंकलेल्या पोरांच्या कौतुकासाठी खडीखाली गाडलं. आम्हीही मूर्ख, खडीवरून चालत मंचावर गेलो आणि खुर्च्यांवर बसलो.

भाषणात अध्यक्षांचं मार्गदर्शन झालं, सरांची मेहनत झाली. स्वयंपाक्याचेही आभार मानले. मामांचं नाव कुणी घेतलं नाही. तेवढ्यात मामा फाटकातून आत आले. रावसाहेब परतल्यावर ते फडावरून घरी आले होते, पण हात सोलवटल्यामुळे कामावर त्या दिवशीच पहिल्यांदा येत होते. दोन्ही तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्यांनी मंचाकडे पाहिलंच नाही, खाली पाहिलं. मग कोपऱ्यातून घमेलं उचललं आणि भर सभेत, गाड्यांच्या मधे उकिडवं बसून खडी वेचायला लागले.

सरांनी त्यांना उठवायला माणूस पाठवला. मामा गरजले, "साहेब, तुमच्या गाड्यायला रस्ता हाय. माझ्या लेकरायला दुसरं मैदान हाय का?" माइकवरचा आवाज थांबला. त्या दिवशी टोळीला सुट्टी होती, म्हणून सत्कारासाठी रावसाहेब फडावरून एका दिवसापुरता आला होता. तो खुर्चीवरून उठला, शाल तिथेच टाकली आणि खाली उतरून मामांशेजारी बसला. आणखी दोघे उतरले.

मी कॅप्टन. मी उठलो नाही. अध्यक्षांच्या शाळेत जागा निघणार होती आणि त्यांनी नुकतीच माझ्या पाठीवर थाप मारली होती. ती नोकरी मला पुढे मिळालीही.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो आणि घमेल्याला हात लावला. मामांनी ते शांतपणे काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. तुमची शाल मळंल." इतकी वर्षं मला बे म्हणणारा माणूस तेव्हा मला तुमची म्हणाला. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

खडी निघाली नाही. तिथे कायमचं वाहनतळ झालं, मामांना ग्रंथालयाच्या दारात बसवलं आणि ते विजेतेपद आमचं पहिलं आणि शेवटचं ठरलं. मला अध्यक्षांचा राग येतो, सरांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या खुर्चीवर बसून राहिलेल्या पोराचा येतो. सात वर्षं झाली, तो कमी झालेला नाही.

मामा गेल्या चैत्रात वारले. कॉलेजने त्याच वाहनतळावर मंडप घालून शोकसभा घेतली. कॅप्टन म्हणून मला मंचावर बसवलं, बहुतेक तीच खुर्ची असावी. अध्यक्ष माइकजवळ आले आणि म्हणाले, "भानुदासजी आमच्या विजयाचे आधारस्तंभ होते." त्यांचं भाषण पुरं व्हायच्या आत मी उठलो. सगळ्यांदेखत पायऱ्या उतरलो, गाड्यांच्या मधे जाऊन उकिडवा बसलो आणि खडीत बोटं घातली. पण ती आता इतकी दबून बसली आहे की नखं फुटली तरी एक खडा निघाला नाही.