चिमटेबाईंची पाठ खाजली नाही

सकाळची वेळ. दूध उतू जायच्या बेतात, लेक बाथरूम अडवून बसलेली, आणि हे जोडीतला दुसरा मोजा शोधत घरभर फिरत होते. तेवढ्यात दार ठोठावलं गेलं. बेल असताना दार ठोठावणारं आमच्या गल्लीत एकच माणूस आहे: चिमटेबाई.

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये त्या लोकांची कुत्री धुतात, केस कापतात, गोचीड काढतात. तीस वर्षं हेच काम. गळ्यातल्या दोरीला कायम चिमटा, म्हणून हे नाव. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात.

"वहिनी, पाठ टेकली की गाठीसारखं लागतंय, काय आहे बघा. हात पोचत नाही. दोन दिवस अंग तापलंय."

त्यांना आत नेऊन मी पाठ उघडी केली. डाव्या खांद्याखाली एरंडाच्या बीसारखा राखाडी, टम्म गोचीड चिकटलेला.

"मावशी, गोचीड आहे. चांगलाच फुगलाय."

"शक्य नाही! मला चावला की अर्ध्या तासात खाज सुटते. माझी कातडी राखण करते माझी."

खोटं नव्हतं ते. गोचीड चावताना लाळ सोडतो. त्या लाळेने जागा बधिर होते, कातडीतल्या पहारेकरी पेशींना गुंगी येते, आणि नवख्या माणसाला कशाचा पत्ता लागत नाही. पण पुन्हापुन्हा चावून घेतलेल्या काहींची कातडी ती लाळ ओळखायला लागते. मग पेशी धावून येतात, जागा सुजते, खाजते, गोचिडाला सुखाने रक्त पिता येत नाही. चिमटेबाईंनी सगळी भिस्त यावरच ठेवली होती. काम आटपलं की चहा घेऊन अर्धा तास बसायचं. खाज नाही, म्हणजे अंग साफ. आरशात बघणं वगैरे नाहीच.

मग आताच कातडी गप्प का?

"काही नवीन औषध घेताय?"

"गुडघ्याच्या गोळ्या. महिना झाला. काय गुण आहे म्हणून सांगू!"

त्यांनी पाकीट दाखवलं. स्टेरॉइड. गुडघ्याची सूज दबली, तशी कातडीतली ती धावपळही दबली.

"डॉक्टरांना सांगितलंत, काम काय करता ते?"

"गुडघ्यांना कुत्र्यांशी काय देणंघेणं?"

"काडी पेटवून लाव त्याला," बाहेरून हे म्हणाले.

"भाऊ, तुम्ही मोजा शोधा!" चिमटेबाई कडाडल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "अगदी कातडीलगत धरा. पोट दाबू नका. पिळायचं नाही, सरळ ओढा. सावकाश." हजारो गोचीड उपटलेली ती बाई उशी घट्ट धरून पालथी पडली होती. मी त्यांच्याच गळ्यातल्या चिमट्याने गोचीड धरला आणि ओढला. कातडी ताणली, वर उचलली गेली, आणि एकदाचा तो सुटला. पाय हलत होते. डॉक्टरांना दाखवायला बाटलीत घातला आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, तापावर औषध लिहिलं. "वेळेत आलात. पण आठवडाभर नीट लक्ष ठेवा, अंगावर चट्टा दिसला तर लगेच या. आणि या गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. तीन महिने लागतील. तोवर खाजेवर विसंबू नका. शेड बंद ठेवता येईल?"

"नाही," चिमटेबाई म्हणाल्या.

परत येताना त्या सावकाश चालत होत्या. तापाने डोळे लाल झालेले. आमच्या फाटकाशी थांबून त्यांनी माझा हात धरला.

"वहिनी, रोज संध्याकाळी काम झालं की मी येईन. पाच मिनिटं माझी पाठ बघाल?"