हातभर दोरी

पेट्रोलचा वास आला की तापीपार माणसं नेणारी ती मोटरबोट आठवते. नावाडी पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं, म्हणून दोरी ताणली की इंजिन बंद करणारं बटण मी निवडलं, त्याची वायर इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोपर्यंत नेली आणि दोरी नावाड्याच्या मनगटाला बांधली. दुसऱ्याच दिवशी तो कुरकुरत आला. “दोरी लांबी कर भाऊ. भर पाण्यामा तापीमायले हात जोडस, तं इंजिन बंद पडस.” मी हातभर दोरी वाढवून दिली. भाद्रपदाच्या गढूळ पुरात तो मागच्या बाजूने पडला. दोरी ताणली, इंजिन बंदही झालं, पण त्याआधीच बोटीचा पाण्यातला पंखा त्याला लागला होता. आता तिथे पूल आहे. एसटी मधोमध आली की सगळे हात जोडतात. माझे मांडीवरच राहतात.