सासऱ्यांनी पास केलेला वडा

माझे वडील वारले त्याला सहा वर्षं झाली. आमच्या गावच्या साप्ताहिकात त्यांचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते गेल्या सप्टेंबरात, 'या आठवड्यात कुठे खावं' या सदरात.

गाव म्हणजे अमेरिकेतलं, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं. उन्हाळ्यात इथे माणसं मावत नाहीत आणि ऑक्टोबरात शोधून सापडत नाहीत. त्यामुळे कुठलं रेस्टॉरंट उघडलं, कुठलं बंद पडलं, कुणाच्या सूपमध्ये शिंपले कमी झाले, हीच इथली मोठी बातमी. ती लिहिते लिंडा. वय पासष्टच्या पुढे, चण बारीक, हातात कायम वही. तिनं चांगलं लिहिलं तर दुकानापुढे रांग लागते. वाईट लिहिलं तर मालकालाच गिऱ्हाईक होऊन बसावं लागतं.

माझी बायको वैदेही मे महिन्यापासून इथल्या धक्क्याजवळच्या पार्किंगमध्ये वडापावचा फूड ट्रक चालवते. त्याआधी पंधरा वर्षं ती सॉफ्टवेअरमध्ये होती. नोकरी गेली तेव्हा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी ट्रक बघायला गेली. ट्रकचं नाव 'सावकाश'. पंक्तीत आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, त्यावरून तिनं ते ठेवलं. आमच्या लेकीनं, इरानं, पाटीवर त्याचा इंग्रजी अर्थही लिहिला. शनिवारी मी आत मदतीला असलो की तो अर्थ गिऱ्हाइकांना लगेच पटतो.

कारण मी सोमवार ते शुक्रवार कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि शनिवार-रविवार ट्रकमध्ये स्वतःच्या करतो. मला याचा फार कंटाळा आला होता, हे कबूल करतो. बटाटे सोलून माझा अंगठा सुजला होता, आणि माझे बटाटे सोलल्यावर लिंबाएवढे उरतात म्हणून वैदेहीचा चेहरा सुजला होता. बाबा अमरावतीला डेपोत मेकॅनिक होते. खोकणारी गाडी नुसती ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. आणि मला जन्मभर एकच सांगत आले, "अवी, तू हात लावू नको." पंख्याला, सायकलला, स्टोव्हला, कशालाच. मी इंजिनिअर झालो तेव्हाही पेढा देताना त्यांनी, "पण हात लावू नको कशाला," असं बजावलंच होतं.

तर गावच्या कमिटीनं ठरवलं की हिवाळ्यात धक्क्यावर एकच ट्रक राहील. उमेदवार दोघं: आम्ही आणि पलीकडचा लॉबस्टरवाला. लिंडा शनिवारी दोन्हीकडे खाणार, लिहिणार, आणि ते वाचून कमिटी ठरवणार. वैदेहीनं चटणी चार वेळा बदलली आणि पहिलीवरच परत आली. हा हिवाळा मिळाला नाही तर ट्रक विकायचा आणि पुन्हा नोकरी शोधायची, असं ती एकदा भांडी घासताना म्हणाली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली होती, म्हणजे खरंच म्हणाली होती.

आणि नेमकी त्याच शनिवारी बाबांची तिथी आली.

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. पितृपक्षातली तिथी तिनं आयुष्यात चुकवलेली नाही. मी म्हटलं, घरी पान वाढू, संध्याकाळी. आई म्हणाली, संध्याकाळी कावळे घरी जातात. मग पहाटेच करू म्हटलं. पहाटे कुणी जेवतं का, असं तिनं विचारलं. शेवटी उन्हं वर आल्यावर, ट्रकजवळच पान ठेवायचं ठरलं. अट एकच: कावळा शिवल्याशिवाय ट्रकची खिडकी उघडायची नाही.

"घरचा माणूस उपाशी ठेवून गावाला काऊन वाढायचं?" आई म्हणाली.

साडेअकराला खिडकी उघडायची होती. अकराला आईनं पान तयार केलं: वरणभात, खीर, उडदाचे वडे, आणि बाबांना आवडायचा म्हणून घरूनच तळून आणलेला एक बटाटेवडा. आता पान ठेवायचं कुठे? पार्किंगमध्ये जागोजागी पाट्या होत्या की सीगलना खायला घालू नका, दंड होईल. मी ट्रकच्या टपावर ठेवायचं सुचवलं. उंच जागा, कुणाला दिसणार नाही, आणि कावळ्यालाही सोयीचं. वैदेही म्हणाली, इरा चढेल. मी म्हणालो, बाबांचं पान आहे, मीच चढणार. चढताना आधाराला म्हणून मी टपावरच्या हवेच्या झडपेला धरलं. ती उघडली. उतरताना ती बंद करायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कावळा आला नाही. सीगल आला. पांढरा शुभ्र, बदकाएवढा. त्यानं आधी बटाटेवडा उचलला आणि मग आरडाओरडा करून सगळ्या नातेवाइकांना बोलावलं.

"हे कावळे नाहीत बापा," आई वर बघत म्हणाली.

"इकडचे कावळे पांढरेच असतात, आई."

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि आईशी अजून इतकं वाईट खोटं बोलतो! तिनं माझ्याकडे, मग सीगलकडे पाहिलं आणि शांतपणे दुसरं पान वाढायला घेतलं.

एव्हाना रांगेत पंधरा-वीस माणसं झाली होती. सगळ्यात पुढे लिंडा, वही उघडून. वैदेहीनं तिला सांगितलं, दोन मिनिटं. मी दुसरं पान घेऊन पुन्हा वर चढलो, झाऱ्यानं सीगलना हाकललं. ते उडाले, पण एक उडण्याऐवजी चालायला लागला आणि चालता चालता उघड्या झडपेतून आत गेला.

आत बेसनाचं पातेलं होतं.

तेल अजून तापवलं नव्हतं, हीच काय ती पुण्याई. आतून धप्प आवाज आला, मग भांड्यांचा, मग वैदेहीचा. तिनं मागचं दार उघडलं आणि त्यातून पिठात नखशिखान्त बुडालेला सीगल बाहेर आला. नुसता तळायचा बाकी होता. लिंडासमोर येऊन त्यानं पंख झटकले. तिच्या चष्म्यावर, वहीवर, केसांत बेसन. रांगेतल्या एकानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे.

वैदेहीनं पातेलं उचलून कचऱ्यात ओतलं, ओटा गरम पाण्यानं धुतला, आणि झाकून ठेवलेलं दुसरं पीठ बाहेर काढलं. पन्नास वड्यांपुरतंच होतं. मला एकच वाक्य म्हणाली, "झडप कुणी उघडली?" मी टपावर उभा होतो. उत्तर द्यायची गरज नव्हती.

मग पिवळं जाकीट घातलेली गावची कर्मचारी आली. सीगलना खायला कोण घालतंय, हे पान कुणाचं, तिनं विचारलं.

"माझ्या वडिलांचं," मी वरूनच सांगितलं.

ते कुठे आहेत, असं तिनं विचारलं. गोंधळात माझा हात आकाशाकडे गेला. तिनं टाचा उंचावून टपावर पाहिलं आणि म्हणाली, त्यांनाही खाली उतरायला सांगा. शेवटी इरानं पुढे होऊन तिला इंग्रजीत सगळं समजावलं. त्या बाईनं टोपी काढली आणि म्हणाली, तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत. लिंडा चष्मा पुसून भराभर लिहीत होती.

दहा मिनिटं! आणि तेवढ्यात समोरच्या दिव्याच्या खांबावर खरा, काळा कावळा येऊन बसला. सीगलही जरा मागे सरले. आम्ही सगळे, रांगेसकट, श्वास रोखून उभे. कावळा पानाकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

"काहीतरी मनात राहिलंय त्यांच्या," आई म्हणाली. "कबूल कर काहीतरी, अवी."

मी हात जोडले. म्हटलं, बाबा, आईला कायमचं माझ्याजवळ ठेवीन. आई म्हणाली, "मी काही या थंडीत राहत नाही. खोटं नको सांगू त्यांना." कावळा बसल्या जागी पंख साफ करू लागला. मी म्हटलं, इराला मराठी लिहायला शिकवीन. "डॅड, डोन्ट प्रॉमिस दॅट," इरा म्हणाली. मी म्हटलं, बाबा, तुमची स्कूटर कधी विकणार नाही. आई हळूच म्हणाली, "मार्चमध्येच दिली रे मी विकून." कावळ्यानं पाठ फिरवली.

खरं सांगतो, तेव्हा मला रडू आलं. टपावर, हातात झारा, खाली वीस अनोळखी माणसं आणि एक बेसनाची लिंडा. बाबा शेवटी आजारी होते तेव्हा मला इथून वेळेवर पोचता आलं नव्हतं. निदान त्यांचं पान तरी माझ्या हातून नीट व्हावं, एवढीच इच्छा होती. तेही मला जमत नव्हतं.

वैदेही मागच्या दारातून बाहेर आली. हात पुसले, डोक्यावरची जाळी काढली, आणि त्या खांबाकडे पाहून दमलेल्या आवाजात म्हणाली,

"बाबा, आजपासून याला ट्रकमध्ये कशालाही हात लावू देणार नाही."

कावळा उडाला. सरळ पानावर. एक उडदाचा वडा चोचीत धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं (ती नजर मी ओळखतो!) आणि निघून गेला.

आईनं डोळे पुसले. पिवळ्या जाकिटवालीनं टोपी घातली. खिडकी उघडली आणि पन्नास वडे पाऊण तासात संपले. लिंडानं तीन खाल्ले आणि लिहिलं, की या ट्रकवर मालकीणबाईंचे सासरे मिस्टर वसंत यांनी पास केल्याशिवाय एकही वडा गिऱ्हाइकाला मिळत नाही, आणि दर्जाबद्दल इतकी कडक शिस्त तिनं या किनाऱ्यावर दुसरीकडे पाहिलेली नाही. सीगलबद्दल एकच ओळ होती. कमिटीनं हिवाळा आम्हाला दिला.

तेव्हापासून माझे शनिवार-रविवार मोकळे आहेत. ट्रकपासून दहा पावलांवर घडीच्या खुर्चीत बसून मी समुद्र बघतो. बाबांनी जाता जाता लेकाचे कष्ट वाचवले, असं मी मानतो. वैदेही म्हणते, सुनेचे वाचवले. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्हा दोघांचं कशाला बापा, त्यांनी गिऱ्हाइकांचा विचार केला."