तीन वेळा ‘पत्थर’

माझी पोस्टिंग त्या वर्षी उत्तरेकडच्या डोंगरात होती. मार्च महिना होता. बर्फाने आणि दरडींनी बंद झालेला रस्ता मोकळा करायचं काम चालू होतं. डोझर रस्तेवाल्यांचा, पहारा आणि मदत आमच्या प्लाटूनची. दिनक्रम ठरलेला. पाचला उठायचं, साडेपाचला चहा, सहाला फॉल-इन, साडेसहाला गाड्या हलायच्या.

सिव्हिलियन लोक मला विचारतात, फौजेत भीती कशाची वाटायची? मला गिनतीची वाटायची. फॉल-इन झालं की हवालदार मेजर ओरडत, “गिनती कर!” आणि उजवीकडून एकेक जण आपला आकडा ओरडत जाई. एक, दो, तीन. आपला आकडा अडला की मागची अख्खी रांग अडते. मी लहानपणापासून अडखळतो. ‘प’, ‘ब’ आणि ‘च’ माझे जुने वैरी. पाँच आला की संपलं. भरतीच्या मेडिकलला हे पकडलं कसं गेलं नाही, असंही लोक विचारतात. त्या दिवशी सगळं सरळ बाहेर आलं, एवढंच. अडखळणं रोज सारखं नसतं. तेच तर त्याचं वाईट आहे.

गिनतीवर इलाज विलासने काढला. लान्सनायक विलास परब, माझा बडी, म्हणजे फौजेतला जोडीदार. तो परळचा, मी लालबागचा. दोघांच्या चाळींमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर, पण ओळख झाली ती ट्रेनिंग सेंटरमध्ये. तो रांगेत उभा राहता राहता उजवीकडची डोकी मोजायचा आणि माझ्यावर पाँच येतोय असं दिसलं की खांद्याने मला दोन जागा पुढे सरकवायचा. “सात घे रे, मस्त आकडा आहे,” असं पुटपुटायचा. माझ्या नशिबात दहा वर्षं सात, आठ आणि ग्यारह आले. प्लाटूनमधल्या बाकीच्यांना वाटायचं, आम्हाला जागेवरून भांडायची खोड आहे.

बाकी ठिकाणी माझा मी निभावून न्यायचो. शब्द बदलायचा, हा माझा धंदा. ‘पाणी’ अडलं की ‘जरा प्यायला दे’. हॉटेलात हवा असायचा बटाटावडा, मागायचो मिसळ. आणि समोरच्याने माझं वाक्य पूर्ण केलं की मान हलवायची, मग ते बरोबर असो की चूक. चुकीचं असलं तरी सुटका तर होते. हा मान हलवायचा प्रकार नीट लक्षात ठेवा, कारण मी जे सांगायला बसलो आहे ते त्याच्यामुळेच घडलं.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वायरलेस सेटवाला शिपाई आजारी पडला. त्याला खाली पाठवलं. सकाळी आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांनी मला बोलावलं.

“कदम, तेरी नज़र अच्छी है. सेट लेकर सामने वाले मोड़ पर बैठ. पत्थर दिखे तो तीन बार बोल, पत्थर, पत्थर, पत्थर. और कुछ नहीं. समझा?”

सेटवर मी कधीच बसत नसे. पण नाही म्हणायचं तर एक पूर्ण वाक्य लागतं, आणि ते साहेबांसमोर बोलावं लागतं. ‘जी साहब’ला काही लागत नाही. मी ‘जी साहब’ म्हणालो.

सव्वासातला मी वळणावर पोचलो. तिथून डोझर दीडशे मीटरवर, आणि त्याच्या वरचा कडा पूर्ण दिसत होता. डोझरच्या आवाजात शिट्टी ऐकू जायची नाही, म्हणून सेट. विलास डोझरच्या पुढे उभा राहून ड्रायव्हरला हाताने इशारे करत होता. त्याच्या खांद्यावर सेट, कानात इअरपीस. तासातासाला तो विचारायचा, “कदम, कैसे सुन रहे हो? ओव्हर.” मी बटण दोनदा दाबायचो. टक टक. त्याचा अर्थ ठीक ऐकू येतंय. तिन्ही वेळा तसंच केलं. माझ्या तोंडून त्या सकाळी सेटवर एक अक्षर गेलं नव्हतं.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी कड्यावरून बर्फाची एक पट्टी घसरली आणि तिच्यामागून टेबलाएवढा दगड सुटला. मी बटण दाबलं.

‘प’साठी ओठ मिटले ते उघडेनात. छातीत हवा भरलेली, जबडा दगड झालेला. ज्याला हे होत नाही त्याला सांगून कळणार नाही, म्हणून मी सांगत बसत नाही. आयुष्यभर मी शब्द बदलत आलो. ‘हटो’ म्हणता आलं असतं. ‘विलास’ म्हणता आलं असतं, ‘व’ मला कधीच अडला नाही. पण हुकूम ‘पत्थर’चा होता, आणि त्याच एका दिवशी मी शब्द बदलला नाही. त्या ‘प’ला धक्के मारत राहिलो.

बटण दाबलं की समोरच्या कानात खरखर होते. विलासने ती ऐकली. त्याने हात खाली घेतला, मान माझ्याकडे वळवली आणि तो थांबला. मी काय सांगतोय ते ऐकायला थांबला. तीन सेकंद, फार तर चार. शेवटी शब्द फुटला तेव्हा दगड खाली पोचला होता, आणि तो शब्द ऐकायला विलास उरला नव्हता.

पाच दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. तंबूत टेबल, टेबलामागे दुसऱ्या युनिटमधून आलेले एक मेजर साहेब, बाजूला टाइप करणारा क्लार्क. साहेब माणूस चांगला होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही.

“वॉर्निंग दी थी?”

“साहब, मैं प... प...”

मला म्हणायचं होतं, मी पत्थर म्हणूच शकलो नाही.

“पत्थर बोला. ठीक है, ठीक है,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “उसने ध्यान नहीं दिया?”

मी मान हलवली. क्लार्कने टाइप केलं. वॉर्निंग दिली होती, लान्सनायक परब यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी खाली सही केली. साडेचार मिनिटांत माझी साक्ष संपली.

विलासच्या सामानाची पेटी घेऊन परळला मीच आलो. विलासचे वडील, आम्ही त्यांना परबकाका म्हणतो, गिरणीतून निवृत्त झालेले, बोली अजून मालवणीच. बोलायला एकदम फास्ट, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्यांना जमतच नाही. चौकशीचा कागद त्यांच्या हातात आधीच पडला होता.

“तू हाक मारलंस मा रे?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “मारलंस. तू तुझा काम केलंस. तोच लहानपणापासून आयकाचो नाय. हाक मारली तरी मागे बघूचो नाय.”

मी पुन्हा मान हलवली.

त्यानंतर आठ वर्षं दर मार्चमध्ये मी त्यांच्याकडे जात राहिलो. दर वेळी ते मला चहा पाजत आणि फोटोकडे बोट दाखवून तेच म्हणत. आयकला असता तर आज असतो. मेलेल्या मुलावर चिडणारा बाप मी आठ वर्षं बघत होतो, आणि त्यांनी पाजलेला चहा पीत होतो. मला माझी लाज वाटायची. सुभेदारीच्या आधीच पेन्शन घेतलं त्यालाही हेच कारण. घरात मी एका जागी बसू शकत नसे. लालबागहून निघायचो, परळला काकांच्या जिन्यापर्यंत जायचो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून परत फिरायचो. एका महिन्यात अकरा वेळा मी तो जिना अर्धा चढलो आहे.

निवृत्तीनंतर लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. तिथे इंटरकॉमवर बोलावं लागतं. एकदा एका पाहुण्याचं नाव मला सांगता येईना. समोर ताटकळलेली बाई हसली नाही, तिने माझं वाक्यही पूर्ण केलं नाही. काम झाल्यावर म्हणाली, “म-म-मी पण.” नाव मृणाल, बँकेत ऑफिसर. दादरला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी अकराला अडखळणाऱ्यांची बैठक असते, ती मृणाल चालवते. मला अशा ठिकाणी जायचा कंटाळा. पंधरा माणसं गोल करून बसणार आणि एकमेकांची समजूत काढणार, असं वाटलं. तरी गेलो.

समजूत कोणी काढली नाही. तिथे नियम एकच, दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करायचं नाही, कितीही वेळ लागो. पहिले दोन रविवार मी पाय हलवत बसलो. तिसऱ्या रविवारी विलासचं सांगायला लागलो. वीस मिनिटं लागली. ‘पत्थर’वर मी इतका अडकलो की खिडकीबाहेर कोणी स्कूटर चालू करून निघूनही गेलं. पंधरा माणसं शब्दाची वाट पाहत बसली. एकानेही घड्याळ पाहिलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं अडखळणं ऐकणं ही लोकांना शिक्षा आहे. तसं नव्हतं. मी उगाच सगळ्यांची सुटका करत फिरत होतो.

“काकांना हे सांगितलंत?” मृणालने विचारलं.

“नाही.”

“पत्र लिहाल?”

चौकशीतली माझी साक्ष दुरुस्त करा म्हणून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला मी पत्र लिहिलं. कागदावर मी अडखळत नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. काकांना मात्र लिहिता येईना. त्यांना आता धड दिसत नाही, दुसरा कोणी तरी वाचून दाखवणार. माझं वाक्य पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून जाणार. ते मला नको होतं.

गेल्या मार्चमधला रविवार. दुपारी एक वाजता मी जिना पूर्ण चढलो. काका खाटेवर बसले होते.

“इलंस? बस. चाय ठेवतंय.”

“च-च-चहा नको, काका. मला बोलायचंय. वेळ लागेल. मध्ये ब... बोलू नका.”

“काय झाला? पेन्शनीचा काय? घरात—”

“काका.”

मी उभ्यानेच सांगितलं. कड्यापासून सुरुवात केली. ‘पत्थर’ आलं तेव्हा डोळे मिटून न घेता त्यांच्याकडे बघत अडखळलो, पूर्ण अडखळलो, शब्द बदलला नाही. एकदा त्यांचे ओठ हलले, माझा शब्द उचलायला. त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात तेरा मिनिटं गेली.

“म्हणजे तू हाक मारूकच नाय.”

“नाही. मारता आली नाही. आणि चौकशीत खोटं लिहू दिलं.”

“मग तो? तेणा काय केला?”

“सेट वाजला म्हणून तो थांबला, काका. मी काय सांगतोय ते ऐकायला थांबला होता. ऐकायला थांबला नसता तर कदाचित वाचला असता.”

मी माफी मागितली नाही. ती मागायला गेलोच नव्हतो, आणि त्यांनी दिलीही नाही.

“तू आता जा,” ते म्हणाले.

मी बाहेर गॅलरीत येऊन बूट घातले. आत खाट करकरली. काका उठून फोटोपाशी गेले असावेत. त्यांचा आवाज आला, “विलास...” आणि बंद झाला. परत आला, “विलास, मी...” आणि परत बंद झाला. त्या माणसाला बोलताना थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली उतरलो नाही. गॅलरीतच सावधानमध्ये उभा राहिलो.

पुष्कळ वेळाने आतून शब्द आले.

“आठ वर्सां बोल लावलंय तुका. तू तर आयकूक थांबलेलंस रे, झिला.”