बाप बांधतो, लेक मोडते

घरी तिला सगळे मोडतोडबाई म्हणत. काँक्रीटच्या प्रयोगशाळेत खांब आणि स्लॅबचे जोड हलवून हलवून मोडायचे, हीच तिची नोकरी. "घरात कप फुटला की तोंड पाडून बसते आणि तिथे खांब फोडायचा पगार घेते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. भूकंपात किंवा वादळी वाऱ्यात इमारत डोलते, तेव्हा सगळा ताण त्या जोडावर येतो. जोड कच्चा असला, तर पुठ्ठ्यातून पेन्सिल जावी तसा खांब आरपार जातो आणि स्लॅब खाली बसतो.

या खेपेच्या जोडाचं लोखंड तिच्या बापानं बांधलं होतं. जन्मभर सळया बांधून आता त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि हे शेवटचं काम त्यानं हट्टानं मागून घेतलं होतं. "माझी गाठ हत्तीलाही सुटायची नाही," अशी बढाई चार दोस्तांत मारून झाली होती. आज तो इस्त्रीचा सदरा घालून भिंतीशी बसला होता. जोड कोसळला तर बापाचं नाक कापलं जाणार, तेही लेकीच्या हातून. पण जोर कमी लावायचा विचार तिला शिवलाही नाही. कामाच्या बाबतीत तेवढी ती त्याचीच लेक होती.

यंत्रानं खांब डावीकडे रेटला, उजवीकडे रेटला. दर फेरीला जोर वाढत गेला. खांबाभोवती भेगा पडल्या, मग कडाडकन आवाज झाला आणि स्लॅब बोटभर खचला. बाप उठून डोक्यावरचं हेल्मेट काढायला लागला.

"कुठे निघालात, बाबा?"

"तडकलं की. आता बघायचं काय राहिलं?"

"तडकणारच. तडकेपर्यंतच तर हलवते मी. पण पडला का?"

तिनं लांबूनच स्लॅबखाली दिव्याचा झोत टाकला. नकाशाबरहुकूम खांबातून आरपार नेलेल्या खालच्या सळया वाकल्या होत्या, पण स्लॅबचं सगळं वजन त्यांनी झोळीसारखं तोलून धरलं होतं.

"खऱ्या इमारतीत असं झालं असतं, तर खालची माणसं चालत बाहेर पडली असती," ती म्हणाली. स्वतःच्या कुठल्याच यशाचा तिला एवढा अभिमान वाटला नव्हता.

घरी पोचल्यावर बापानं दारातूनच आईला सांगितलं, "तुझ्या लेकीनं जंग जंग पछाडलं, पण माझं काम काही तिला पाडता आलं नाही."

मग तो पाणी प्यायला. "आणि पोरीनं बापाचीही गय केली नाही हो. जराही नाही."