अम्माने गादी सोडली नव्हती

दिनांक २७ ऑक्टोबर २०२४, रविवार. या दिवशी पुण्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाची प्रत बिबवेवाडीतील आमच्या घरी आली. अंकात माझी भावजय आबेदा इम्तियाज नदाफ हिची ‘ओला कापूस’ ही कथा होती. कथेचे शेवटचे दोन परिच्छेद तिने लिहिलेले नव्हते. ते तिला न विचारता, न कळवता, तिच्या नावाखाली छापण्यात आले. मी ही नोंद करून ठेवते आहे, कारण संपादकांच्या मते यात नोंद करण्यासारखे काही घडलेलेच नाही.

मी शाइस्ता, आबेदाची थोरली नणंद. माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!” हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले आहे. “तुमचंही बरं आहे,” असे मी उत्तर देते, आणि संभाषण बहुधा तिथेच संपते. तेव्हा माझ्या लिहिण्यात कडवटपणा आढळला तर तो मुद्रणदोष समजू नये.

आबेदाचे माहेर गंज पेठेतले. तिच्या वडिलांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. वाचनालयांतले हाताळून खिळखिळे झालेले दिवाळी अंक त्यांच्याकडे बांधायला येत. शाळेतून आली की ही मुलगी खळीच्या वासात बसून सुटी पाने वाची. पुष्कळ कथांची शेवटची पाने गळून गेलेली असत. मग शेवट ती स्वतःच रचून वडिलांना सांगे. ते सुईत दोरा ओवत ऐकत आणि म्हणत, “हा नको, दुसरा सांग.” तिचे लेखनाचे शिक्षण एवढेच. मी पदव्युत्तर पदवी घेतली, पण आजवर मला एक कथा साधलेली नाही.

लग्न होऊन ती आमच्या गादीच्या दुकानात आली. आम्ही नदाफ, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजणारे. आता पिंजायला यंत्र आहे आणि फोमच्या गाद्यांनी निम्मे गिऱ्हाईक नेले आहे. तरी जुनी गादी पिंजून घेणारी माणसे अजून येतात. या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईकाची गादी त्याच्या देखत उसवायची, म्हणजे त्याचा कापूस त्यालाच परत मिळतो, दुसऱ्याचा हलका कापूस त्यात येत नाही, याची त्याला खात्री राहते. गादी उसवेपर्यंत गिऱ्हाईक समोर बसून असते आणि बसलेला माणूस बोलतो. आबेदाच्या बहुतेक कथा त्या बाकावरून उठून आल्या आहेत. दोघांच्या पलंगावरच्या गादीला एकाच बाजूने खड्डा पडलेला असला, तर ती काहीही विचारत नसे. चहा सांगे. महिन्याभराने कथा तयार होई.

मात्र दुकानाची रीत तिने कथेलाही लावली. ज्याच्या घरातून गोष्ट आली, त्याला ती छापायला जाण्याआधी वाचून दाखवायची आणि पेन त्याच्या हाती द्यायचे. नको असेल ते त्याने खोडावे. एका निवृत्त गृहस्थांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खी कथा खोडली, चहा प्यायले आणि निघून गेले. ती कथा कुठेही गेली नाही. “एवढी चांगली कथा, भाभी!” मी हळहळले. “कापूस त्यांचा होता, आपा,” ती म्हणाली.

आता समुद्राचे. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे श्रीवर्धनला गेलो. माझ्या आईने, हलीमाबीने, सत्तरी ओलांडली तरी समुद्र पाहिलेला नव्हता. तिचा जन्म सासवडकडचा आणि बोलणेही तिकडचेच. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. किनाऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने मिळतात, असे माझा भाचा आमीर म्हणाला, तेव्हा माझ्या भावाचा, इम्तियाजचा, चेहरा पाहण्यासारखा झाला.

“गादीवाल्याची आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणार? लोक काय म्हणतील?”

“पप्पा, तिथे आपल्याला ओळखतंय कोण?”

“मला मी ओळखतो.”

त्याने अम्मासाठी उत्तम कापसाची, चांगली जाड, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची नवी गादी भरून घेतली. गाडीच्या टपावर बांधून ती ताम्हिणी घाटातून कोकणात उतरवली. सबंध महाराष्ट्रात समुद्राकाठी कापसाची गादी नेणारे कुटुंब आमच्याखेरीज दुसरे नसावे. ओल्या कापसाचे काय होते हे ज्यांना पोटापाण्यासाठी ठाऊक असते, त्यांच्याच हातून हे घडले, हेही लिहून ठेवते.

अम्मा गादीवर बसली, पाय पसरले आणि लाटांकडे बराच वेळ पाहत राहिली. शेवटी म्हणाली, “ह्याला काय काम न्हाई व्हय दुसरं?” जेवणे झाली. सुरमईवर ताव मारून आम्ही पेंगू लागलो. आबेदा आपल्या बुरख्यासकट गुडघाभर पाण्यात उभी होती. तिला पाणी आवडते. भरतीची वेळ कुणी विचारलीच नव्हती. पहिली लाट गादीखाली शिरली, तेव्हा अम्मा जागी होती. तिला वाटले, ही परत जाईल. ती गेली. पुढची मात्र गेली नाही.

कापूस पाणी कसे पितो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. दोघांनी सहज उचललेली गादी आता चौघांना हलेना. “दादी, लेट इट गो ना, फोमची घेऊ,” आमीर ओरडला. तो तेव्हापासून घरात फोम या विषयावर बोलत नाही. अम्मा पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी गादीचा कोपरा धरून होती. अंगावरची सुती साडी कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावरचा पदर जागच्या जागी.

शेजारीच खडकवासल्याकडचे एक मोठे कुटुंब क्रिकेट खेळत होते. त्यांतले भैरू नावाचे गृहस्थ बॅट टाकून धावत आले.

“मावशी, सोडा की ती गादी! नवी घ्या!”

“तू घेऊन देनार हाईस व्हय?”

“देतो की.”

“मग आमच्याकडनंच घ्यावी लागंल. ही वढ आधी.”

भैरूंनी मुलांना, भावांना, भावजयांना हाक मारली. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत त्यांनी आणि ‘या अल्ला’ म्हणत आम्ही गादी वाळूवर ओढून काढली. अम्मा त्या ओल्या गादीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “आता आना चहा.” परतीच्या वाटेवर टपावरून खारे पाणी काचेवर गळत होते आणि ऊन पडलेले असूनही इम्तियाज वायपर लावून गाडी चालवत होता. घरी गादी उसवली, कापूस गोड्या पाण्यातून काढला, गच्चीवर वाळवला, पिंजला आणि पुन्हा भरला. अम्मा आजही तिच्यावरच झोपते. पावसाळी हवेत तिला समुद्राचा वास येतो, असे ती सांगते. आम्हाला येत नाही.

आबेदाने कथा लिहिली ती ही. रीतीप्रमाणे अम्माला वाचून दाखवली. अम्माला अक्षरओळख नाही. ती ऐकून सांगते आणि खोडायची जागा कुठली ते विचारून तिथे बोट ठेवते. तिने एकच वाक्य खोडायला लावले. गादी बाहेर आली तेव्हा म्हातारीचे डोळे भरून आले, असे आबेदाने लिहिले होते.

“मी रडले न्हाई. खाऱ्या पान्यानं डोळं चुरचुरलं. काढ ते.”

आबेदाने काढले. कथा अंकासाठी गेली. आणि त्या रविवारी अंक आला.

आमच्याकडे नवा अंक जेवणानंतर मोठ्याने वाचला जातो. माझी भाची अलिझा वाचत होती. गादी फुगली, अम्मा हसली. भैरू आले, अम्मा आणखी हसली. मग अलिझा अडखळली. छापले होते ते असे: तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजले, कुणीतरी जातीवरून हिणवले, काळ्या बुरख्यातल्या म्हातारीचे हात सैल पडले, गादी लाटेवर दूर जात राहिली, आणि ती पाणावल्या डोळ्यांनी पाहत राहिली. शेवटची ओळ: ‘समुद्राला मात्र धर्म नव्हता.’

माझ्या मनात जे आले ते तुमच्याही मनात आले असेल: बुरखा, हिणवणे, आमच्या नावावर खपवलेले दुःख. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अम्मा म्हणाली,

“मी गादी सोडली?”

“अम्मा, हे मी लिहिलेलं नाही,” आबेदा म्हणाली.

“नाव कुनाचं हाय?”

“माझं.”

“मग?” अम्मा उठली. “कापूस पान्यात सोडून आले मी. नदाफाची बायको. उद्यापास्नं माझं काय लिवू नगंस.”

ती आत जाऊन त्याच गादीवर भिंतीकडे तोंड करून निजली. सून म्हणून आल्यापासून अम्माने आबेदाशी कधी अबोला धरला नव्हता. तो आता धरला.

दुसऱ्या दिवशी आबेदाने संपादकांना फोन लावला. मी शेजारीच बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता.

“आबेदाताई, अभिनंदन! काय प्रतिक्रिया येताहेत!”

“शेवट माझा नाही.”

“हो, जरा संस्कार केले. अहो, कथेत काही घडतच नव्हतं. गादी भिजते, गादी वाळते.”

“घडतं ना. ती परत येते.”

“तसं नव्हे. आपल्या लेखणीकडून वाचकाची एक अपेक्षा असते. थोडी वेदना...”

“गादीवाल्याकडे लोक वेदना घेऊनच येतात,” आबेदा म्हणाली. “पाठीची. ती आम्ही कमी करतो, वाढवून परत देत नाही.”

ते हसले. तिने शुद्धिपत्र मागितले. शुद्धिपत्र मुद्रणदोषांसाठी असते, असे त्यांनी सांगितले; शिवाय पुढचा अंक पुढच्या दिवाळीला. मग मायेने म्हणाले, “लहानपणी शेवट हरवलेल्या कथांना तुम्हीच शेवट जोडायचात ना? मुलाखतीत सांगितलंत. मीही तेच केलं.”

“मी हरवलेल्यांना जोडायचे, साहेब. असलेले फाडून नाही.” तिने फोन ठेवला.

मग कौतुकाचे फोन सुरू झाले. प्रत्येकाला रडू आले होते आणि नेमके त्याच दोन परिच्छेदांवर आले होते. आमच्याच इमारतीतल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये आबेदाचा हात धरून विचारले, “त्या लोकांनी फार त्रास दिला का हो?” आबेदा म्हणाली, “दिला. गादी ओढायला लावली तर आमच्यापेक्षा जोरात ओढत होते.” बाईंना विनोद कळला नाही. घरी येऊन आबेदाने लिहायला काढलेली पुढची कथा बांधून माळ्यावर टाकली. “अम्मा बोलल्याशिवाय नाही,” एवढेच म्हणाली. शब्दाला शब्द जोडून जगणारी बाई दुकानात नुसतीच टाके घालू लागली.

दिवाळी सरली आणि एका सकाळी भैरू दुकानात आले. समुद्रावरून परतल्यावर त्यांनी शब्द पाळून आमच्याकडून गाद्या नेल्या होत्या, त्यामुळे दुकान त्यांना माहीत होते. बरोबर त्यांची सून निशा होती आणि तिच्या हातात तो अंक. भैरू बाकावर बसले नाहीत.

“ताई, सुनंनं वाचून दाखिवलं. आमी कवा हिनवलं ओ तुमाला? माझी पाठ धरली हुती आठ दिस.”

मीच सगळे सांगितले. ते ऐकत असताना दुकानाच्या मागच्या खोलीच्या दारात अम्मा येऊन उभी राहिली होती. तिने भैरूंकडे पाहिले, मग सुनेकडे.

“ह्याला बी खोटं पाडलं?”

“हो, अम्मा.”

“आन् ह्याला इचारलं न्हवतं?”

“कुणालाच विचारलं नव्हतं. मलाही नाही.”

अम्मा बाकावर बसली. “पेन आन.”

आबेदाने आपल्या प्रतीतली कथा उघडून तिच्या मांडीवर ठेवली आणि कुठपासून ते बोटाने दाखवले. अम्माने मुठीत पेन धरले आणि वरून खाली, आडव्यातिडव्या रेघा मारल्या; कागद दोन ठिकाणी फाटला. मग अंक भैरूंकडे दिला. “तू बी मार. तुजा बी कापूस हाय त्यात.” भैरूंनी चपला काढल्या आणि सही करावी तशी एक ठसठशीत रेघ मारली. निशाने आपल्या घरच्या प्रतीतही मारून घेतली.

“आता खाली लिव,” अम्मा सुनेला म्हणाली. त्या रविवारनंतरचे हे पहिले वाक्य. “गादी घरी आनली म्हनून लिव. आन् ती दुसरी गोष्ट माळ्यावरनं काड, कुत्र्यासारखी पडलीय तिथं.”

आता तुमच्याकडे वळते. त्या अंकाच्या प्रती शेकडो घरांत आणि वाचनालयांत आहेत. संपादक सुधारणा करणार नाहीत, आणि आम्हीही आता त्यांना विनवणार नाही. पण या कथेवर जिचा हक्क आहे, तिने तो शेवट खोडलेला आहे, आणि हा निर्णय अंतिम आहे. तुम्हाला तो शेवट आवडला असेल, त्यावर तुम्ही रडला असाल, तर तो तुमचा प्रश्न आहे. त्या रडण्याखाली माझ्या आईचे आणि भैरूंचे नाव येता कामा नये.

म्हणून मागणी सरळ आहे. अंक काढा. ‘ओला कापूस’ उघडा. ‘तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजले’ इथपासून अखेरपर्यंत खोडा. प्रत वाचनालयाची असेल तर पेन्सिलीने खोडा, पण खोडा. आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहा: गादी घरी आणली.