सैल रिंग

कंधारच्या आमच्या शाळेत बास्केटबॉलचे मैदान नव्हते, एक रिंग होती. लाकडी फळीवर ठोकलेली, खाली काळी माती. पावसाळ्यात चेंडू टप्पा घेत नसे, त्यामुळे आम्ही मुली चार महिने फक्त पास द्यायला शिकलो. पुढे मी ज्या ज्या संघांत खेळले, तिथे माझ्या पासचे कौतुक झाले. त्याचे श्रेय त्या चिखलाला आणि आमच्या क्रीडाशिक्षकांना.

त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. ते वेळेचे कडक होते. सकाळी सहाला शाळेचे फाटक लावून घेत. उशिरा आलेली मुलगी बाहेर उभी राहून सराव बघायची. मीही अनेकदा राहिले. कारण सांगितलेले त्यांना चालत नसे. "कारण घरी ठेवून ये," म्हणायचे.

नववीत असताना जिल्हा संघाची निवड चाचणी नांदेडला होती. संयोजकांनी मदतीला बोलावल्यामुळे सर आदल्या दिवशीच तिकडे गेले होते. मी आईबरोबर सकाळच्या एसटीने निघाले. वडील तहसील कचेरीत कारकून, त्यांना रजा नव्हती. आईला खेळातले काही कळत नव्हते, पण मला एकटीला पाठवायचे नाही एवढे तिचे ठरलेले होते.

लोह्याच्या स्थानकात गाडी बंद पडली. आई कंडक्टरजवळ गेली.

"ओ साहेब, कवा निघंल? पोरीची परीक्षा हाय."

"कशाची परीक्षा, मावशी?"

"चेंडू टाकायची."

अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मग उतरा खाली, धक्का मारा. अर्धी परीक्षा इथंच होऊन जाऊ द्या."

आम्ही सगळ्यांनी धक्का मारला. आईने पदर खोचून मारला. गाडी सुरू झाली, पुढे एकदा परत थांबली. मैदानावर पोहोचलो तेव्हा चाचणीची वेळ टळून तासाच्या वर वेळ गेला होता. ती चुकली असती, तर पुढच्या वर्षी दहावी होती. दहावीत आमच्या घरी खेळाचे नाव निघणार नव्हते.

फाटक उघडे होते. मुली सावलीत बसल्या होत्या. सर शिडीवर होते, हातात पाना. रिंग सैल झाली म्हणून चाचणी खोळंबली होती. त्यांनी वरून माझ्याकडे पाहिले. उशीर का झाला, हे विचारले नाही. "बूट नीट बांध," म्हणाले. मग खाली उतरले आणि संयोजकांना म्हणाले, "झालं. करा सुरू."

माझी निवड झाली. माझे नशीब चांगले म्हणून रिंग सैल निघाली, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. जिल्ह्याच्या संघातून विद्यापीठाच्या संघात गेले. तिथे नांदेडची एक मुलगी माझ्यासोबत होती. ती त्या दिवशी सावलीत बसलेल्यांपैकी होती. एकदा स्पर्धेहून परतताना ती म्हणाली, "तुमचे सर लई चिकट माणूस हो. तू येईपर्यंत रिंगच सोडली न्हाई त्यांनी. तीनदा खाली उतरले, तीनदा परत चढले. दरवेळी तेच, अजून हलून राहिली म्हणून. संयोजक म्हणाले, अहो सर, रिंग हाय का विहिरीचा रहाट?"

मला तेव्हाही खात्री पटली नाही. फाटक लावून घेणारा माणूस असे करील, हे मनाला पटेना. सरांना विचारायचे धाडस मात्र झाले नाही.

शिक्षण संपल्यावर लातूरला एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. संध्याकाळी बातम्या, सकाळी एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव. त्या कामाने मला शिस्त लावली. जे पाहिले नाही ते लिहायचे नाही, विशेषण दिसले की काढून टाकायचे. 'रिंग सैल असल्याने निवड चाचणी उशिरा सुरू झाली' हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात तपासले. बातमी म्हणून ते बिनचूक आहे. त्यात फक्त घडले काय, तेवढे नाही.

पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ प्रशिक्षक झाले. लातुरात मुली दहावीनंतर क्लासमध्ये जातात आणि मैदानावर परत येत नाहीत. ज्यांच्या घरच्यांनी येऊ दिले, त्यांच्या जोरावर संघ उभे राहिले. त्या आईवडिलांचे माझ्यावर उपकार आहेत. काही वर्षांनी जिल्हा संघटनेची सचिव झाले. सचिवाचे काम म्हणजे अर्ज, परवानग्या आणि लग्नसराईत मैदानावर पडणारे मांडव वेळेत काढून घेणे. निवड चाचणीही त्यातच आली.

अलीकडच्या एका चाचणीच्या सकाळी सगळ्या मुली आल्या, निलंग्याची एक सोडून. वेळ झाली आणि तिचाच फोन आला.

"मॅडम, औशात हाव आम्ही. गाडी बंद पडली. पप्पा जीप बघून राहिले, पण जीपवाला शीट भरल्याबिगर हलंना."

मागून तिच्या वडिलांचा आवाज येत होता, "मॅडमला म्हणावं, निघालोच, निघालोच."

निघाले नव्हते, हे उघड होते. औसा तसे जवळ आहे, पण न हलणाऱ्या जीपमधून ते दूरच.

लातूरच्या एका मुलीचे वडील पुढे आले. "मॅडम, आम्ही आठपासून उभे आहोत. बाराला हिचा क्लास आहे. नियम सगळ्यांना एकच पाहिजे."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. उशिरा आलेल्यांना चाचणीला घेऊ नये, असा नियम आहे आणि त्याच्या सूचनेवर सही माझीच होती. माझ्या पिशवीत पाना असतो, प्रशिक्षकाला लागतोच. मी रिंगखाली जाऊन वर पाहिले. शिडी भिंतीला टेकलेली होती. तिथे उभे असताना सरांचे ते चढणे-उतरणे मला पहिल्यांदा नीट समजले. ते मदतीला बोलावलेले शिक्षक होते. थांबा म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांच्याकडे नाव होते, वेळ पाळणारा माणूस म्हणून, आणि ते त्यांनी एका मुलीसाठी तासभर शिडीवर टांगून ठेवले.

मला शिडीची गरज नव्हती. मी परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "निलंग्याची गाडी औशात बंद पडली आहे. मुलगी येईपर्यंत आपण थांबणार आहोत. उशीर माझा धरा."

"मग पुढच्या वेळी आम्हीही निवांत येऊ," ते गृहस्थ म्हणाले.

"या ना. फक्त निलंग्याहून एसटीने या."

बाकीचे पालक हसले. त्यांना हसू आले नाही. पण त्यांचीच मुलगी म्हणाली, "पप्पा, थांबू की. माझ्यासमोर कोणी खेळायला तर पाहिजे." ते घड्याळ बघत बाकावर बसले.

निलंग्याची मुलगी आली ती धावतच. मी तिला बूट नीट बांधायला सांगितले. सांगून झाल्यावर लक्षात आले की हे शब्द माझे नाहीत.

ती चांगली खेळली. पास सुरेख होते. डावा हात मात्र कच्चा होता, त्या बाजूने तिला एकदाही रिंगपर्यंत जाता आले नाही. तिची निवड झाली नाही. लातूरच्या त्या मुलीची झाली. नावे वाचून झाल्यावर निलंग्याची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे ओले होते, पण विचारले कामाचेच. "मॅडम, डाव्या हाताला काय करू?"

घरच्या भिंतीवर एकट्या डाव्या हाताने चेंडू मारून झेलायचा, हे मी तिला करून दाखवले. तिचे वडील बाजूला उभे राहून ते लक्षपूर्वक बघत होते. "दाराकडची भिंत नको धरू," ते तिला म्हणाले, "तुझी आई दोघांना बी घराबाहेर काढील."

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की, प्रत्येक तालुक्याची सकाळची पहिली एसटी पोहोचेल अशा बेताने चाचणीची वेळ ठरवावी, आणि गाडी अडकली तर थांबावे. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, आपण संघटना चालवतोय का डेपो?" ठराव मात्र मंजूर झाला.

त्याआधी, चाचणीच्याच दिवशी, संध्याकाळी मी सरांना फोन केला होता. ते निवृत्त होऊन कंधारलाच राहतात. निलंग्याच्या मुलीचे सगळे सांगितले आणि मग इतकी वर्षे राहिलेला प्रश्न विचारला.

"सर, त्या दिवशी नांदेडला रिंग खरंच हलत होती का?"

"आता काय बातमी करून राहिलीस का त्याची?"

"नाही सर. फक्त विचारते."

"तू पोचलीस का न्हाई?"

"पोचले."

"मग हलत हुती," सर म्हणाले. "ते जाऊ दे. त्या पोरीचा डावा हात बघ."